उंचीआधी खालची जमीन पाहावी: भाड्याच्या सिझर आणि बूम लिफ्टचा अनुभव

चाकणमधील आमच्या गोदामाच्या छताखालचे दिवे बदलण्यासाठी गेल्या महिन्यात आम्ही माणसाला उंचीवर नेणारी दोन मशीन, एक सिझर लिफ्ट आणि एक बूम लिफ्ट, भाड्याने घेतली. याआधी आम्ही परांची बांधत असू आणि ती सोडून पुढच्या दिव्याखाली पुन्हा उभारण्यातच निम्मा दिवस जात असे.

भाडे देणाऱ्या कंपनीचा माणूस दर सांगण्याआधी जागा पाहायला आला, ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट. दिवे साडेनऊ मीटरवर आहेत एवढेच मी फोनवर सांगितले होते. त्याने मात्र दिव्यांच्या बरोबर खाली काय आहे, हे आधी विचारले. सिझर लिफ्ट फक्त सरळ वर जाते, त्यामुळे तिला कामाच्या थेट खाली मोकळी आणि सपाट जमीन लागते. अशी जमीन रॅकमधल्या वाटांवर होती, पण कन्व्हेयरवरच्या दिव्यांखाली नव्हती. तिथे अडथळ्यावरून पलीकडे पोहोचणारी, कोपरासारखी दुमडणारी बूम लिफ्टच हवी होती. माहितीपत्रकातील ‘वर्किंग हाइट’, म्हणजे उभ्या माणसाचा हात पोहोचेल ती उंची, ही प्लॅटफॉर्मच्या उंचीत साधारण 2 मीटर मिळवून दिलेली असते, हेही त्यानेच समजावले. त्यामुळे सुमारे 8 मीटर प्लॅटफॉर्मची सिझर लिफ्ट आम्हांला पुरली आणि मोठ्या मशीनचे भाडे वाचले. केबलच्या चरावरची झाकणे पाहून त्याने ती वाट बंद करायला लावली, कारण अडीच टनांच्या आसपासचे वजन चार लहान चाकांवर येते.

सेवेतील उणीव दुसऱ्या दिवशी दिसली. सिझर लिफ्टचा प्लॅटफॉर्म वर जाऊ लागला की चाकांच्या मधल्या लोखंडी पट्ट्या आपोआप खाली येतात. चाक खड्ड्यात गेले तरी मशीन त्यांवर टेकते आणि उलटत नाही. यातील एक पट्टी अर्ध्यातच अडकली, अलार्म वाजू लागला आणि प्लॅटफॉर्म वर असताना मशीन पुढे सरकेना. सोबत आलेल्या ऑपरेटरने पट्टी खाली आली की नाही हे ओळखणाऱ्या स्विचला तार बांधून काम उरकू या, असे सुचवले. मी काम थांबवले. मशीन हलत नाही, हेच तिने दिलेले संरक्षण आहे, आणि ते बांधून टाकण्याची सूचना प्रशिक्षित ऑपरेटरकडून यावी, हे मला गंभीर वाटते. मेकॅनिक दुपारी 3 वाजता आला. एक पिन वाकलेली निघाली. वाया गेलेल्या दिवसाचे भाडे कंपनीने न मागता वजा केले.

बूम लिफ्टबद्दल मात्र तक्रार नाही. तिचा ऑपरेटर बास्केटमध्ये, म्हणजे बूमच्या टोकाच्या पिंजऱ्यात, चढताच अंगावरच्या हार्नेसचा (सुरक्षा पट्ट्यांचा) आखूड पट्टा आतल्या कडीला अडकवी आणि आमच्या इलेक्ट्रिशियनलाही तसेच करायला लावी. खाली चाकाला बसलेला लहानसा हिसका वर बास्केटमध्ये मोठा होऊन माणसाला बाहेर फेकू शकतो, हे त्याने आमच्या कामगारांना पहिल्याच दिवशी नीट सांगितले.

पुढील काम इमारतीच्या बाहेरच्या पन्हळींचे आहे आणि त्यासाठी याच कंपनीला बोलावले आहे. बाहेरच्या वाऱ्यात वापरण्यास मंजूर असलेलीच मशीन पाठवावी, असे लेखी कळवले आहे. ट्रकवरून उतरताच ती पूर्ण उंचीवर नेऊन, चालवून आणि खालच्या आणीबाणीच्या व्हॉल्व्हने उतरवून दाखवल्याशिवाय मी मशीन मिळाल्याच्या चलनावर सही करणार नाही.