शुगरची खोली: ग्रामीण रुग्णालयातल्या एनसीडी कक्षाचा अडीच वर्षांचा अनुभव

पाचपैकी साडेतीन तारे. मागच्या वर्षी लिहिलं असतं तर दोनच दिले असते.

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. रिटायर झाल्यावर तिसऱ्या महिन्यात आशाताई फॉर्म घेऊन घरी आल्या. तंबाखू खाता का, घरात कुणाला शुगर आहे का, चालणं किती होतं, आणि मग टेप काढून पोटाचा घेर. बायको दारात उभी राहून हसत होती. फॉर्मवरचे गुण ४ च्या वर गेले म्हणून उपकेंद्रात बोट टोचलं आणि तिथून तालुक्याला चिठ्ठी दिली. उपाशीपोटी शुगर १८२. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ८.९. रात्री लघवीला किती वेळा उठता, असं डॉक्टरांनी विचारलं. म्हटलं, तीन-चारदा, वयाचं असेल. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

खोली ओपीडीच्या टोकाला आहे. पाटीवर एनसीडी, म्हणजे असंसर्गजन्य आजार (शुगर-बीपीसारखे एकाकडून दुसऱ्याला न लागणारे), असं लांबलचक नाव आहे, पण सगळे तिला शुगरची खोलीच म्हणतात. आत एक टेबल, बीपीचं मशीन, कार्डांचे खोके आणि सिस्टर. या सिस्टरबद्दल एक शब्द वाईट ऐकून घेणार नाही. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचते, पहिला थेंब कापसाने पुसते, दुसरा पट्टीवर घेते. बाहेरच्या लॅबवाल्याने माझं बोट गहू पेरल्यासारखं टोचलं होतं. म्हाताऱ्यांना नावाने हाक मारते, आणि कुणी आलं नाही तर शेजारच्याकडे निरोप धाडते.

पैसे शून्य. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, सगळं फुकट. बाहेर महिन्याला सात-आठशेला चाट बसली असती.

आता तक्रारी. गोळ्यांची एका दमात सांगतो. गेल्या पावसाळ्यात दोन महिने कार्डावर पुढची तारीख महिन्याची आणि हातात गोळ्या दहा दिवसांच्या. मी गावातच राहतो, माझं भागलं. वाडीवरच्या बाया दोन-दोन गाड्या बदलून येतात. तिकीट अर्धं झालं तरी दिवसाची मजुरी पूर्ण बुडते.

खरी गोष्ट पायाची आहे. ड्युटीचे काळे बूट मी अजून वापरतो. एका संध्याकाळी मोजा ओला लागला म्हणून बूट काढला, तर सोलमधून खिळा वर आलेला आणि टाचेखाली रक्त. दिवसभर त्याच खिळ्यावर चाललो होतो, जरासुद्धा दुखलं नाही. शुगरने पाय असे बधिर होतात. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला गेलो आणि सहज कार्ड वाचलं. त्यात ‘पाय तपासणी’ असा रकाना आहे. अकरा फेऱ्या, अकरा वेळा ‘नॉर्मल’. अकरा फेऱ्यांत माझे मोजे कुणी एकदाही काढायला लावले नव्हते.

सिस्टरला विचारलं. तिने लपवलं नाही. "काका, एका सकाळी साठ माणसं. रकाना कोरा राहिला की वरून फोन येतो."

वरून म्हणजे कुठून, ते मला भाचीने समजावलं. ती दुसऱ्या जिल्ह्यात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. शुगर-बीपीसारख्या आजारांचा हा कार्यक्रम केंद्राने २०१० मध्ये १०० जिल्ह्यांत सुरू केला, २०२३ मध्ये त्याचं नाव बदललं. पैसा ६० टक्के दिल्लीचा, ४० टक्के राज्याचा. पण आरोग्य हा राज्याचा विषय, त्यामुळे चालवायचं आणि तपासायचं राज्याने. तालुक्याची माहिती जिल्ह्याच्या एनसीडी कक्षाकडे, तिथून राज्याच्या कक्षाकडे. आमच्याकडे जिल्ह्याचं पथक माझ्या खिळ्याच्या महिनाभर आधीच येऊन गेलं होतं. मी तेव्हा बाकावरच होतो. खोक्यातून दहा कार्डं काढली, रकाने भरलेले बघितले, फोटो काढला, चहा घेतला, गाडी निघाली. बाकावर आम्ही वीस-पंचवीस जण बसलो होतो, कुणाला एक प्रश्न विचारला नाही.

एसटीत आमच्याकडे लाइन चेकिंग असायचं. जीप आडवी लावून गाडी थांबवायचे, डोकी मोजायचे, एकेकाच्या हातातलं तिकीट बघायचे आणि मग माझ्या वेबिलाशी, म्हणजे फाडलेल्या तिकिटांच्या नोंदीशी, ताळा घालायचे. नुसतं वेबिल डेपोत बसून बघितलं असतं तर महाराष्ट्रात एकही कंडक्टर कधी सापडला नसता! भाची म्हणते, बीपीच्या बाबतीत असं मोजून झालं आहे. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत २०१८ पासून नोंद झालेल्यांपैकी शेवटच्या फेरीला किती जणांचा बीपी १४०/९० च्या खाली आला, ते धरायला लागले. म्हणजे किती तिकिटं फाडली ते नाही, किती माणसं उतरायच्या ठिकाणी उतरली ते. शुगरचंही तसंच बघा की.

मी अर्ज दिला, वैद्यकीय अधीक्षकांना, सिस्टरचं नाव न घालता. साठ माणसांमागे एक सिस्टर हेही लिहिलं. मदतीला दुसरी मिळायला चार महिने लागले, पण तीन आठवड्यांत खोलीत एक स्टूल आलं आणि भिंतीवर कागद चिकटला: बूट-मोजे काढून बसावे. डोळे मिटायला लावतात, नायलॉनचा जाड दोरा तळव्याला टोकवतात आणि लागलं का विचारतात. माझ्या डाव्या पायाला दहापैकी चार ठिकाणी काहीच कळलं नाही. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही. एचबीए१सी तेव्हा ७.१ वर आली होती, त्याचाही आनंद झाला नाही.

डोळ्याच्या पडद्याची तपासणी अजून इथे होत नाही. जिल्ह्याला चिठ्ठी देतात, अख्खा दिवस मोडतो. उरलेल्या दीड ताऱ्यातला एक तिथे गेला, अर्धा गोळ्यांच्या तुटवड्याला.

जाणाऱ्यांसाठी: बाजाराच्या दिवशी जाऊ नका, रांग गेटपर्यंत येते. केसपेपर नऊच्या आत काढा. उपाशीपोटीची तपासणी असेल तर डबा सोबत न्या, कॅन्टीनमध्ये वड्याशिवाय काही मिळत नाही. आणि भोकाचे मोजे घालून जाऊ नका, आता काढायला लावतात.