बीपीडब्ल्यू ३४: रिमोटच्या डोळ्याने गॅमा मोजायला बसलो

टीव्ही दुरुस्तीत आयुष्य गेलं. रिमोटचा सिग्नल पकडणारे बीपीडब्ल्यू ३४सारखे पिन फोटोडायोड (उजेड पडला की वीज देणारे छोटे भाग) किती बदलले, हिशेब नाही. पुतणी म्हणाली, "काका, यानेच गॅमा किरण मोजता येतात," तर मी आधी हसलोच.

पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ डायोड मिळाले. पारदर्शक मागितले, दुकानदाराने काळे माथी मारले. काळा रंग उजेड अडवतो, इन्फ्रारेड नाही. गॅमाला त्याचं सोयरसुतक नसतं, पण उजेडापासून डायोड झाकावा लागतोच, म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा.

डायोड बसवणं दहा मिनिटांचं काम, त्यामागच्या अ‍ॅम्प्लिफायरने आठवडा खाल्ला. ६० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा गॅमा सिलिकॉनमध्ये पुरता जिरला, तरी जेमतेम साडेसोळा हजार इलेक्ट्रॉन सुटतात. एक पिकोफॅरडच्या कॅपॅसिटरवर त्याचे होतात अडीच मिलिव्होल्ट. जवळचा मोबाइल सुद्धा तेवढा गोंधळ घालतो. मोठा रेझिस्टर मिळेना, म्हणून १० मेगओहमचे दहा एकापुढे एक जोडले. उलट्या दिशेने तीन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या दिल्या (६० व्होल्टपर्यंत चालतं). व्होल्टेज चढवलं की आतला मोकळ्या विद्युतभारांपासून रिकामा झालेला थर रुंदावतो, डायोडचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) उतरतो आणि खरखर कमी होते. चार डायोड समांतर लावून पाहिले, क्षेत्र चौपट झालं पण कपॅसिटन्सही चौपट, खरखर परत आली. एकच ठेवला. टेबलावर टिचकी मारली तरी मोजणी होते, हे मात्र शेवटपर्यंत गेलं नाही.

जुन्या गॅसबत्तीची थोरियमवाली (म्हणजे किरणोत्सारी) जाळी डब्यात ठेवली. रिकाम्या डब्यात दहा मिनिटांत ३ ठोके, जाळीजवळ ५८. मध्ये ३ मिलिमीटरची स्टीलची पट्टी घातल्यावर १९. म्हणजे बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) अडले, उरले बहुतेक गॅमाच.

उणीव मोठी आहे. सिलिकॉनचा अणुक्रमांक १४, आणि थर दशांश मिलिमीटरहून पातळ, त्यामुळे बहुतेक गॅमा न थांबता निघून जातात, आणि थांबले तरी अर्धवट ऊर्जा देतात. कोणत्या पदार्थाचा किरण, ते यावरून ओळखता येत नाही. त्यासाठी कॅडमियम झिंक टेल्युराइडचा डिटेक्टर किंवा द्रव नायट्रोजनने थंड केलेलं जर्मेनियम, म्हणजे आमच्या खिशाबाहेरचं.

मोजायला पाचपैकी चार, ओळखायला शून्य. पुतणीच्या प्रकल्पाला पुरलं. डबा आता ती परत द्यायला तयार नाही.