रोक्कॉर ५८ एमएम १.२ : काचेवर खूश, ग्रीसवर वैतागलेलो

मे महिन्यात माझी लेन्स १.२ ला, म्हणजे उजेड आत घेणारं भोक (अॅपर्चर) पूर्ण उघडं असतानाच, अडकून बसली. रिंग फिरवली की टिकटिक वाजतंय, २.८, ५.६, ८ सगळे आकडे पुढं सरकतायत (आकडा मोठा तेवढं भोक लहान), आत बघतो तर ते भोक मिटवणारी पाती, म्हणजे ब्लेड, जागचे हलेनात. लेन्स म्हणजे मिनोल्टाची एमसी रोक्कॉर ५८ एमएम १.२, १९६८ ला आलेलं मॉडेल, जुन्या फिल्म कॅमेऱ्याची, हाताने फोकस करायची. सोनीच्या सेकंडहँड फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉडीवर अडॅप्टर लावून वापरतोय, लेन्स मागच्या दिवाळीच्या आधी घेतलेली. आधी म्हणलं जाऊ दे बे, १.२ साठीच तर जास्तीचे पैसे मोजलेत, ५.६ ला काढायला कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी किटलेन्स पडलीच आहे घरात. पण थोड्या दिवसांनी फोटो नेहमीपेक्षा जास्तच दुधाळ यायला लागले, टॉर्च मारून बघितलं तर आतल्या काचेवर तेलाचा पातळ थर.

यात मिनोल्टाला नावं ठेवायचं काही कारण नाही. फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस म्हातारं झालं की त्यातलं तेल सुटतं, ते उतरतं ब्लेडवर, ब्लेड एकमेकांना चिकटतात आणि आतल्या स्प्रिंगला ते बंद करायची ताकद राहत नाही. त्यात आमची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. सोलापूरचा मे म्हणजे बाहेरच ४३-४४, मग पत्र्याखालच्या बंद कपाटात काय होत असेल बगा. जुन्या लेन्सवर लिहिणारे सगळे फंगस फंगस (काचेवरची बुरशी) करतात, ओल शोषायला सिलिका जेल ठेवा म्हणतात, ते कोकणातल्या लोकांनी ठेवावं. इथल्या कोरड्या हवेत मला फंगसपेक्षा ग्रीसचीच धास्ती जास्त.

आता लेन्स आवडते का, तर लई आवडते. गड्ड्यात पहिल्यांदा नीट वापरली, सिद्धेश्वर यात्रेत. संक्रांतीच्या संध्याकाळी होम मैदानावर गर्दीत उभं राहून नुसत्या जाळाच्या आणि बल्बच्या उजेडात चेहरे काढले, आणि त्यातले दोन-तीन फोटो असे आलेत की त्याच्यासाठी बाकी सगळी कटकट माफ. चेहरा शार्प असतो पण त्याच्यावर एक हलकी चमक पसरलेली असते, जाणकार त्याला स्फेरिकल अॅबरेशन म्हणतात म्हणजे तसा दोषच, पण बाईमाणसांचे फोटो काढून दाखवा, कुणी तक्रार करत नाही. मागचे पाळण्याचे दिवे मधोमध गोल आणि कडेला गेले की लिंबाच्या फोडीसारखे चपटे. नंतर टॉवेलच्या कारखान्यात एका ओळखीच्या विणकराला काढलं, ट्यूबलाइटच्या उजेडात, मागं उडणारी कापसाची धूळ सगळी विरघळून गेली. नवीन लेन्सने पण निघेल, पण इतकं सरळसोट स्वच्छ निघेल की कारखाना वाटणार नाही.

दिवसा मात्र १.२ ला हात लावू नका. १३ जानेवारीला संमती कट्ट्यावर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या लग्नविधीला, हौसेने गेलो, मानकऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या, वर कडक ऊन, आणि प्रत्येक बाराबंदीच्या काठाला जांभळी रेघ. वर एक्स्पोजर पण बसेना. हिशोब करून बघा, सनी सिक्स्टीनच्या नियमाने (कडक उन्हात १६ वर आयएसओ १०० ला शटर १/१००) आयएसओ १०० वर १.२ ला शटर १/१६००० च्या पण पुढं मागतंय, बॉडी १/८००० ला थांबते. ५५ एमएमचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच) घ्या नाहीतर लेन्स बंद करत करत पुढं या, आणि ४ वर आलात की मग कुठली पण पन्नासची लेन्स आणि ही, फरक ओळखून दाखवला तर चहा माझ्याकडून. फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) पण विश्वास ठेवू नका. मीटरभरावरच्या माणसाला १.२ ला जेमतेम दोन सेंटिमीटर फोकसमध्ये असतं, पीकिंग मात्र नाकापासून कानापर्यंत सगळं लाल करून ठेवतं. मॅग्निफाय करून डोळ्यावरच लावायचं, तेवढ्यात माणूस हलला की परत पहिल्यापासून.

तर सर्व्हिस. सोलापुरात आत हात घालायला कुणी तयार होईना म्हणून बाहेरगावच्या एका रिपेरवाल्याकडे कुरियर केली, नाव घेत नाही, माणूस कामाला वाईट नाही. फोनवर म्हणला "साहेब, पन्नास वर्षांचा माल आहे, थोडंफार होणारच." मी म्हणलं "अहो, ते मला माहिताय, बिल किती ते सांगा." साडेतीन हजार. त्यात "ग्लास क्लीनिंग" वेगळं लावलेलं. अहो, ब्लेड धुवायला लेन्स उघडणार म्हणजे काच हातात येणारच, तिचं परत वेगळं कसलं बिल? बराच वाद घालून तीनवर आणलं.

लेन्स परत आली, ब्लेड एकदम टकाटक, काच लख्ख. आणि फोकस रिंग हातात घेतली तर पार सैल! आधी त्या रिंगला जो घट्ट, सावकाश, लोण्यातून फिरल्यासारखा हात होता ना, अर्धे पैसे मी त्या हातासाठीच दिलेले. आता नुसतं बोट लागलं तरी फोकस सरकतोय. पातळ ग्रीस भरलं होतं त्यांनी. परत फोन, परत भांडण, "सगळ्यांना हलकीच आवडते" म्हणे. सगळ्यांना म्हणजे कुणाला? मी त्या ग्रीसवर इतकं डोकं लावलं की घरात जेवताना पण तोच विषय, बायको म्हणली एवढ्या वेळात दुसरी लेन्स घेऊन झाली असती.

पण खरं सांगायचं तर आता मत थोडं बदललंय. गणपतीत लेझीमची पोरं काढताना ती सैल रिंगच कामाला आली. जुनी घट्ट रिंग जानेवारीच्या थंडीत तर दोन्ही हात लावून फिरवावी लागायची, पोरं पुढं निघून जायची. आता एका बोटात काम होतं. निवांत बसून पोर्ट्रेट काढताना मात्र अजून पण जुनी रिंग आठवते, रिपेरवाल्याला माफी नाहीच.

घेणाऱ्यांना एवढंच, विकणाऱ्याकडून रिंग १६ ला फिरवतानाचा व्हिडिओ मागवा, ब्लेड लगेच मिटले पाहिजेत. तो "मिररलेसवर ब्लेड स्लो असले तरी चालतंय" म्हणेल, आणि ते खोटं नाही, जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखं शटरच्या क्षणी मिटायची इथं गरज नसते, पण ब्लेड स्लो म्हणजे तेल आलंय आणि तेल आज ना उद्या काचेवर चढणार. सर्व्हिसचे तीन हजार किमतीतून कापूनच बोला. आणि नुसता उजेड पाहिजे असेल तर १.४ घ्या, १.२ आणि १.४ मध्ये अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) पण फरक नाही, किमतीतला फरक मात्र डोळे पांढरे करणारा आहे. मी १.२ विकणार नाही, ते वेगळं. लेन्स आता खालच्या खोलीत ठेवलीय, धान्याच्या डब्यांशेजारी, सासूबाईंना विचारून.

आणि हो, मागचा कॅप रिपेरवाल्याकडेच राहिलाय. फोन केला की "उद्या कुरियर टाकतो" म्हणतात. तोपर्यंत अडॅप्टर काढायची सोय नाही.