पार्किंगचं अपील फेटाळलं म्हणजे खटला हरलो असं समजून मी १७० पाउंड भरले

१७० पाउंड. आपल्याकडचे साधारण अठरा हजार रुपये. २९ जानेवारी २०२५ ला ऑफिसच्या जिन्यात उभी राहून, फोनवर कार्डाचा नंबर सांगून, मी ते एका वसुलीवाल्या बाईला दिले. देणं लागत नसताना दिले. हे लिहितानाही हात थरथरतोय, इतका संताप आहे. पण इथे इंग्लंडमध्ये आपली पुष्कळ माणसं आहेत आणि अपील फेटाळल्यावर त्यातली निम्मी माझ्यासारखीच गप्प बसून पैसे भरत असणार, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते आहे.

खासगी पार्किंगचा प्रकार इथे गाडी असणाऱ्याला नव्याने सांगायला नको. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, ठरल्यापेक्षा जास्त थांबलात असं दिसलं की कंपनीचं पत्र येतं, १४ दिवसांत भरलंत तर ६० पाउंड, नाहीतर १००. ते सोडा.

७ सप्टेंबर २०२४, शनिवार, गणेश चतुर्थी. सासूबाई पहिल्यांदाच आमच्या इथल्या गणपतीला आल्या होत्या. सकाळी ९.५२ ला मी जवळच्या रिटेल पार्कात गाडी लावली, नारळ, विड्याची पानं, तांदळाची पिठी घेतली आणि १०.२० ला बाहेर पडले. त्या दुकानाची पावती १०.१२ ची आहे, २३.४७ पाउंडांची. घरी पूजा झाली, जेवणं झाली. दुपारी पावणेदोनला त्याच गाडीत ४१.१५ पाउंडांचं पेट्रोल भरलं, तिथून सहा मैलांवर. संध्याकाळी आरतीला बारा माणसं येणार आणि कापूर संपलेला, म्हणून ५.३५ ला पुन्हा त्याच रिटेल पार्कात गेले. कापूर आणि दही, ६.८० पाउंड. ६.०५ ला बाहेर. दोन तास फुकट असलेल्या जागेत मी दोन्ही वेळा मिळून तासभरसुद्धा थांबले नाही.

२६ सप्टेंबरला पत्र आलं. आत शिरले ९.५२, बाहेर पडले १८.०५, मुक्काम ८ तास १३ मिनिटं. सोबत दोन फोटो, सकाळी आत येतानाचा आणि संध्याकाळी बाहेर जातानाचा. सकाळी बाहेर पडणं आणि संध्याकाळी पुन्हा आत येणं पत्राच्या लेखी झालंच नव्हतं. हा दोष या कॅमेऱ्यांचा जुनाच आहे. पुढे-मागे मोठी व्हॅन असली की प्लेट झाकली जाते, आणि यंत्र दिवसातला पहिला प्रवेश आणि शेवटचं निर्गमन जोडून मोकळं होतं. सकाळी माझ्या मागे डिलिव्हरीची व्हॅन अगदी चिकटून होती, ती मला चांगली आठवते.

नवरा म्हणाला, ६० भर आणि विषय संपव. मी म्हटलं, का भरायचे? अजूनही माझं तेच म्हणणं आहे. तो मात्र आता रोज ११० पाउंडांचा हिशोब ऐकवतो.

आता ज्या क्षणावरून मी रात्र-रात्र जागी राहिले, त्याबद्दल. २८ सप्टेंबरला मी कंपनीच्या साइटवर अपील भरायला बसले. पहिलाच प्रश्न होता: तुम्ही कोण? चालक, नोंदणीकृत मालक, की इतर? मी ‘चालक’वर टिचकी मारली. का मारली? कारण खरं ते सांगावं असं वाटलं. लहानपणापासून तेच शिकलो आपण. त्याच स्क्रीनवर पत्राची तारीख दिसत होती, २४ सप्टेंबर. मी कंपनीत हिशेबाचं काम करते. तारखा जुळवणं हे माझं रोजचं काम. तरीही ७ आणि २४ मधलं अंतर मला दिसलं नाही.

त्या अंतरात माझी सुटका होती. २०१२ च्या ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट’मध्ये चौथं परिशिष्ट आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये काचेवर तिकीट न लावता नुसत्या कॅमेऱ्यावरून पैसे मागायचे असतील, तर पत्र गाडीच्या मालकाच्या हातात १४ दिवसांच्या आत पडावं लागतं. ७ तारखेचं पत्र २१ पर्यंत यायला हवं होतं, ते २४ ला तर लिहिलं गेलं. उशीर झाला की कंपनी मालकाकडून पैसे मागू शकत नाही, फक्त चालकाकडून मागू शकते. आणि चालक कोण हे त्यांना माहीत नसतं. खासगी कंपनीला ते सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. मी आपणहून सांगितलं. एका टिचकीत.

म्हणून पहिली गोष्ट, पत्र आलं की लिफाफ्यावर पेनाने आल्याची तारीख घाला आणि दिवस मोजा. दुसरी, ‘मी गाडी लावली’, ‘मी परत आले’ असं काही लिहू नका. ‘गाडी लावली गेली’, ‘चालकाने’ असं लिहा. पोलिसांनी विचारलं तर गोष्ट वेगळी, तिथे उत्तर द्यावंच लागतं. नगरपालिकेचं तिकीटही वेगळं. दोन्हींना पीसीएनच म्हणतात, पण नगरपालिकेचं ते ‘पेनल्टी चार्ज नोटिस’, यांचं ‘पार्किंग चार्ज नोटिस’. पहिला दंड असतो, दुसरं निव्वळ बिल. आद्याक्षरं सारखी ठेवून माणसं घाबरवायची ही पद्धत कुणाला चालते कोण जाणे.

मी दीड पानाचं अपील लिहिलं. सण, सासूबाई, कापूर, सगळं. दोन्ही पावत्या जोडल्या. २१ ऑक्टोबरला उत्तर आलं: पावत्यांवरून खरेदी सिद्ध होते, गाडी जागा सोडून गेली हे सिद्ध होत नाही, आणि आपण चालक असल्याचं आपण मान्य केलेलं आहे. मजकूर छापील, मधे फक्त माझं नाव घातलेलं. माझ्या दीड पानातलं एक वाक्य कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. कंपनी स्वतःच्याच बिलावरचं अपील स्वतःच तपासते, तेव्हा पहिल्या फेरीत न्याय मिळेल ही आशाच ठेवू नका. ती फेरी म्हणजे दुसऱ्या अपिलाचा कोड मिळवण्याची पायरी.

दुसरं अपील बाहेरच्या मंडळाकडे जातं. कंपनी कोणत्या संघटनेची सभासद आहे त्यावर ‘पॉपला’ आणि ‘आयएएस’ या दोन मंडळांपैकी कोणतं, हे ठरतं. मला २८ दिवस होते. मी १५ नोव्हेंबरला, मुदतीच्या तीन दिवस आधी पाठवलं. या वेळी फोनमधला दिवसभराचा नकाशाही जोडला. पेट्रोलची पावती जोडली नाही. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडली होती, मला सुचलंच नाही. पंपावरचं कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं असतं तर माझी नंबरप्लेट दुपारी पावणेदोनला सहा मैलांवर दिसली असती. पण पंपवाले चित्रण साधारण महिन्याभराने पुसतात. मागायचं तर पत्र आलं त्याच आठवड्यात मागायचं.

मग ३० नोव्हेंबर ते १४ डिसेंबर मी नाशिकला मावसबहिणीच्या लग्नाला. ४ डिसेंबरला मंडळाचा ईमेल आला होता: कंपनीने ३८ पानी पुरावा दिला आहे, त्यावर ७ दिवसांत म्हणणं मांडा. ईमेल स्पॅममध्ये गेला. मी तो १६ तारखेला पाहिला, मुदत ११ लाच संपलेली. आठ-आठ आठवडे लोकांना ताटकळत ठेवायचं आणि त्यांना बोलायला आठवडा द्यायचा, हा कुठला हिशोब? दुसरं अपील घातल्यावर रोज स्पॅम बघा. लग्न असो, बारसं असो.

२० डिसेंबरला अपील फेटाळलं. ‘हा निर्णय अंतिम आहे’, असं त्या पत्रात होतं. ते वाक्य वाचून मी खचले. मला वाटलं, कोर्टात हरलो.

इथेच मी फसले, आणि हेच सांगायला बसले आहे. तो निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. तुम्ही जिंकलात तर कंपनीला बिल रद्द करावं लागतं. तुम्ही हरलात तर मंडळ तुमच्याकडून एक पेनीसुद्धा वसूल करू शकत नाही. पैसे द्या असा हुकूम फक्त काउंटी कोर्टाचा न्यायाधीश देऊ शकतो, तोही कंपनीने दावा लावला तर, आणि तिथे सगळं प्रकरण पहिल्यापासून मांडता येतं. हे मला कुणी सांगितलं नाही. फेटाळल्याच्या पत्रात तर नाहीच.

२० जानेवारीला वसुली कंपनीचं लाल अक्षरांतलं पत्र आलं. १०० चे १७० झाले होते. वरचे ७० कशाचे? पत्र पाठवायचे. फोन सुरू झाले. बाई गोड बोलायची: ‘तुमच्या क्रेडिटवर परिणाम होऊ शकतो, तुम्हाला ते नको असेल ना?’ आमचा कायम वास्तव्याचा अर्ज मार्चमध्ये जायचा होता. पाच वर्षं या एका अर्जासाठी काढली आहेत. ज्यांचा व्हिसा दुसऱ्याच्या हातात आहे त्यांनाच कळेल मी का भरले. मूर्ख म्हणून नाही भरले.

पण आता माहीत आहे ते सांगते. वसुली कंपनी म्हणजे जप्तीवाले नव्हेत. ते दारात येऊन एक खुर्ची उचलू शकत नाहीत. खासगी पार्किंगचं न भरलेलं बिल हा गुन्हा नाही. क्रेडिटवर डाग पडतो तो कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर. मग तो सहा वर्षं राहतो. महिन्याच्या आत भरले तर नोंद पुसली जाते. म्हणजे लढून, हरून, मग भरलं असतं तरी अर्जाला धक्का नव्हता.

याचा अर्थ पत्रं फाडून फेका असा नाही. ‘दुर्लक्ष कर, हे बेकायदेशीर असतं’ म्हणणारे मित्र २०१५ च्या आधीच्या काळात राहतात. त्या वर्षी बीव्हिस नावाच्या गृहस्थांचा, चेम्सफर्डमधल्या पार्किंगच्या ८५ पाउंडांचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि ते हरले. पण ते दोन तासांच्या जागेत खरोखरच ५६ मिनिटं जास्त थांबले होते. मी थांबले नव्हते. ‘लेटर बिफोर क्लेम’, म्हणजे दाव्याआधीची नोटीस, असं शीर्षक असलेलं पत्र आलं तर ३० दिवसांत उत्तर द्यायचंच. कोर्टाचा फॉर्म आला तर १४ दिवसांत पोच द्यायची, म्हणजे बचावाला एकूण २८ दिवस मिळतात. घर बदललं असेल तर गाडीच्या कागदांवर पत्ता आजच बदला. जुन्या पत्त्यावर दावा जातो आणि तुमच्या नकळत निकाल लागतो.

१ फेब्रुवारीला, पैसे भरून तिसऱ्या दिवशी, एका वहिनींकडे हळदीकुंकू होतं. वाण घेताना सहज बोलले. वहिनी तिळगुळाचा डबा हातात धरून तशाच थांबल्या. ‘अगं, भरलेस कशाला? दुसरं अपील हरल्यावर मी कोर्टाच्या पत्राची वाट बघत बसले. आलंच नाही.’ तीन दिवस. ते हळदीकुंकू आदल्या शनिवारी असतं तर?

दुसऱ्या दिवसापासून मी दारं ठोठावली. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. नगरपालिकेच्या ग्राहक विभागाने हेल्पलाइनचा नंबर दिला. हेल्पलाइनने पाऊण तास संगीत ऐकवलं आणि अपील मंडळाकडे जा म्हटलं. मंडळ म्हणालं, निर्णय अंतिम, निकालाबद्दलची तक्रार आम्ही घेत नाही. कंपनी ज्या संघटनेची सभासद, तिने लिहिलं की एकेका प्रकरणात आम्ही पडत नाही. ज्या दुकानातून मी कापूर घेतला त्याच्या मॅनेजरने खांदे उडवले, जागा मालकाची आहे. जागेच्या मालकाच्या एजंटचं उत्तर आलं, आधी आला असतात तर रद्द करायला सांगितलं असतं, आता भरलंत ना. खासदारांच्या कार्यालयाने सहानुभूतीचं पत्र पाठवलं, त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. आठ ठिकाणी गेले, आठही ठिकाणी माणसं नम्र, आणि एकानेही कागद उघडून पाहिला नाही.

(त्या एजंटचं वाक्य लक्षात ठेवा. जागामालक किंवा मोठं दुकान हे बिल रद्द करायला लावू शकतं. पैसे भरायच्या आधी, पहिल्याच आठवड्यात, पावती घेऊन मॅनेजरपुढे उभे राहा.)

आणि हे सगळं कायद्याने थांबायचं होतं. संसदेने २०१९ मध्ये खासगी पार्किंगसाठी नियमावलीचा कायदा केला. २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारने नियमावली जाहीर केली, त्यात वसुलीच्या त्या वरच्या पैशांवर बंदी होती. पार्किंग कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने ती मागे घेतली. मग कंपन्यांच्या संघटनांनी स्वतःची नियमावली लिहिली. आणि या कंपन्यांना आपलं नाव-पत्ता मिळतो तो सरकारी वाहन नोंदणीतून, दर चौकशीला अडीच पाउंड मोजून.

३ फेब्रुवारीला मी वहिनींच्या सांगण्यावरून कंपनीला आणखी एक पत्र लिहिलं: माझ्या गाडीबद्दल त्या दिवशीची तुमच्याकडची प्रत्येक नोंद द्या. वैयक्तिक माहितीच्या कायद्याखाली ती महिन्याभरात, फुकट द्यावी लागते. हे पत्र पहिल्या अपिलाच्या आधी लिहायचं असतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगते.

२८ फेब्रुवारीला उत्तर आलं. एक तक्ता, तीन ओळी. ९.५२ आत. १७.३५ आत. १८.०५ बाहेर.

माझी गाडी दोनदा आत गेली होती, त्यांच्याच नोंदीत. बाहेर न पडता गाडी दुसऱ्यांदा आत कशी जाईल? ही मधली ओळ सप्टेंबरपासून त्यांच्याकडे होती. पहिल्या अपिलाच्या वेळी होती. मंडळाला दिलेल्या ३८ पानांत ती नव्हती; मी पानन्‌पान पुन्हा तपासलं.

तक्ता जोडून पैसे परत मागितले. उत्तर एका ओळीचं: रक्कम भरल्याने प्रकरण बंद झाले आहे.

१७० पाउंड परत करा, नाहीतर दावा लावते, असं पत्र मी १४ दिवसांची मुदत देऊन रजिस्टर पोस्टाने पाठवलं आहे. एवढ्या रकमेच्या दाव्याची फी ३५ पाउंड आहे. पेट्रोलच्या पावतीसोबत ती एका पाकिटात घालून ठेवली आहे.