राधानगरीतलं शिक्षकांचं निसर्ग प्रशिक्षण : जावं का?

करवीर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवते. दोन्ही वर्ग मिळून पट २६. गेल्या डिसेंबरात राधानगरीला शिक्षकांसाठीचं तीन दिवसांचं निवासी निसर्ग प्रशिक्षण केलं. तिथल्याच अभ्यासकांचा एक छोटा गट ते घेतो. फी १८०० रुपये, ती मी स्वतःच भरली. परत आल्यापासून केंद्रातल्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, प्रत्येक जण विचारतो, "मॅडम, जाण्यासारखं आहे का?" वर्गात करून बघितल्याशिवाय सांगायचं नव्हतं. आता तीन महिने झालेत, म्हणून लिहिते.

आम्ही अठरा जण होतो. सगळ्यांच्या डोक्यात गवा. पण पहिल्या दुपारी प्रशिक्षण घेणाऱ्या सरांनी जंगलाकडे नेलंच नाही. मुक्कामाच्या मागच्या माळावर नेलं, प्रत्येकाच्या हातात सुतळीचा तुकडा दिला आणि सांगितलं, जमिनीवर कडं करा, शेजारी बसा, वीस मिनिटं बोलायचं नाही. मोबाइल आधीच गोळा करून पिशवीत ठेवले होते. माझ्या कड्यात वाळकं कुसळी गवत, दोन खडे आणि मुंग्या. दहा मिनिटं मला वाटत होतं, एवढ्यासाठी एसटीने इथवर आले का?

मग सर शेजारी येऊन बसले. एक कुसळ उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं, वर पाण्याचा थेंब सोडला. कुसळ हळूहळू गरगर फिरायला लागलं. त्याच्या शेपटीला पीळ असतो. ओल मिळाली की तो सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्यातून बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. मी शेतकऱ्याच्या घरातली. लहानपणापासून परकराला, साडीला चिकटलेली कुसळं उपटून फेकत आले. ती पेरणी करत होती हे मला त्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी मी किती तरी वेळ तळहातावर पाणी टाकून तेच बघत होते.

"नाव शेवटी" असा एक नियम त्यांनी पहिले दोन दिवस पाळला. आधी ते काय करतंय ते सांगा, मग चित्र काढा, मग प्रश्न लिहा आणि नाव सगळ्यात शेवटी. मला या प्रशिक्षणातून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. पक्ष्यांची नावं येत नाहीत, मुलांनी विचारलं तर काय सांगू, या भीतीने मी वर्षानुवर्षं परिसर अभ्यासाचा तास चार भिंतींत घेत होते. आता "मला माहीत नाही, तो काय करतोय ते आधी बघू" हे वाक्य मी मुलांसमोर मोकळेपणाने बोलते.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीपने दाजीपूर. १९५८ साली राज्यातलं पहिलं अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं हे जंगल. आज दाजीपूर धरून राधानगरी अभयारण्य साडेतीनशे चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. गवे दिसले, सात. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. आपण सरसकट गवा रेडा म्हणतो, पण गवा म्हशीच्या नव्हे, गाईच्या कुळातला, आणि बायसन तर तो नाहीच. वाटेत अस्वलाची विष्ठा दिसली तेव्हा सरांनी काडीने उकलून आतल्या बिया मोजायला लावल्या. नाकाला पदर लावून उभ्या असलेल्या बाई दोन मिनिटांत वाकून मोजत होत्या.

जंगलापेक्षाही धरणाच्या काठावरचा तास माझ्या मनात राहिला. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं हे धरण भोगावतीवर आहे. सरांनी खडूने रस्त्यावर रेघ ओढली आणि आम्हाला आपापल्या गावावर उभं राहायला सांगितलं. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा, ती पुढे नृसिंहवाडीला कृष्णेत. आमच्या शाळेच्या टाकीत भोगावतीचंच पाणी येतं. म्हणजे सकाळी ज्या डोंगरात गवे बघितले, त्याच डोंगरावरचा पाऊस माझी मुलं पितात. हा पाठ मी जशाच्या तसा शाळेत घेतला. पटांगणात चुन्याची फक्की टाकून पाचही नद्या काढल्या आणि प्रयाग चिखलीच्या संगमावर कोण उभं राहणार यावरून भांडणं झाली.

सापांच्या तासाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमची मुलं उसातून चालत शाळेला येतात. काही वर्षांपूर्वी एका शाळेत झालेल्या कार्यक्रमात एकाने नाग हातात धरून नाचवला होता. पुढच्याच आठवड्यात दोन मुलं काठी घेऊन बिळं उकरताना मला सापडली. इथे एकही जिवंत साप आणला नाही, आणि असं का, तेही समजावलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांची चित्रं होती, आणि खरा भर दंश झाल्यावर काय करायचं यावर. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलवू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठायचा. प्रत्येकाला कुणाला तरी आडवं झोपवून पायाला पट्टी लावून आधार द्यायला लावला. गव्याचंही तसंच. २०२१ च्या डिसेंबरात गवा कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आला तेव्हा बघ्यांची केवढी गर्दी झाली आणि एका तरुणाचा जीव गेला, ते इथल्या कुणीच विसरलेलं नाही. गर्दी करायची नाही, मागे लागायचं नाही, वाट मोकळी ठेवायची, एवढं तिसरीतल्या मुलालाही कळतं.

आता उणिवा. तिसरा दिवस फुकट गेला असं माझं स्पष्ट मत आहे. चार तास अंधाऱ्या खोलीत पडद्यावर स्लाइड, त्याही निम्म्या इंग्रजीत. आदल्या दोन दिवसांत जे करू नका म्हणून शिकवलं, तेच इथे केलं. बरेचसे उपक्रम गाडी आणि दोन-तीन मदतनीस असलेल्या शाळांसाठी बेतलेले होते. माझ्यासारखीने एका वर्गाला बाहेर नेलं तर दुसरा कुणाच्या भरवशावर ठेवायचा, पालकांची संमती, केंद्रप्रमुखांची परवानगी, याबद्दल एक शब्द नाही. महिलांसाठी अकरा जणींत एकच स्वच्छतागृह. आणि परत आल्यावर एकही फोन नाही. काय जमलं, काय अडलं हे विचारणारं कुणी असतं तर फार बळ आलं असतं.

शाळेत मी दर शनिवारी सकाळी पाऊण तास सुतळीच्या कड्यांचा उपक्रम घेते. पहिले दोन शनिवार नुसता दंगा. तिसऱ्या शनिवारी व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या कोरड्या धुळीत बारीक बारीक नरसाळ्यांसारखे खड्डे दिसले. ऊसतोड टोळीबरोबर बीडहून आलेल्या एका मुलीने गवताची काडी आत फिरवली आणि किडा वर काढला. "मॅडम, ह्यो मागं मागं चालतोय!" सगळा वर्ग पालथा पडून बघत होता. मुंगी कडेवर आली की माती का ढासळते, खड्डे छपराखालीच का, हे प्रश्न मुलांनीच वहीत लिहिले. पावसाचं पाणी पडतं तिथे खड्डा टिकत नाही, हे चौथीतल्या एकाने पाण्याचा तांब्या ओतून सिद्ध केलं. त्या किड्याचं नाव मुंगीसिंह हे मी चौथ्या शनिवारी सांगितलं.

तर जावं का? प्राथमिकच्या शिक्षकांनी जावं. रंकाळा स्टँडवरून राधानगरीची एसटी मिळते. स्वेटर, टॉर्च आणि बिनआवाजाची चप्पल न्या. आयोजकांना माझी विनंती आहे की तिसरा दिवस पुन्हा माळावर घ्या आणि पुढची तुकडी मे महिन्यात ठेवा. आमच्या शाळेमागच्या विहिरीवर बाभळीला सुगरणीची चौदा जुनी घरटी लटकली आहेत. त्यातली पाच अर्धवट का, असं मुलांनी विचारलंय. नर अर्धं घरटं विणून थांबतो, मादीने पसंत केलं तरच पुढे विणतो, एवढं मी सांगितलं आहे. पण पाऊस लागला की ते विणकाम मुलांना कुठे बसवून, किती लांबून दाखवायचं, ते मला जूनच्या आधी शिकून घ्यायचं आहे.