घराजवळचं संजीवनी क्लिनिक: बीपी-शुगरवाल्यांनी जरूर जावं, पण वेळ बदला

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत अजून कितीतरी घरं अशी आहेत की गल्लीच्या तोंडाशी संजीवनी क्लिनिकचा, म्हणजे वस्तीतल्या छोट्या सरकारी दवाखान्याचा, बोर्ड दिसतो, पण "सरकारी आहे, आपल्याला काय करायचंय" म्हणून कोणी आत पाऊल टाकत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. मध्यप्रदेशातलं पहिलं संजीवनी क्लिनिक आपल्याच शहरात, निपानियाला, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि आता बऱ्याच वस्त्यांत आहेत. आमच्या भागातल्या क्लिनिकचा अनुभव सांगते, भागाचं नाव देत नाही कारण तक्रारही करायची आहे आणि तिथल्या स्टाफला त्याचा त्रास व्हायला नको.

आईचं वय बहात्तर, बीपी जुनं. आधी प्रायव्हेटमध्ये दाखवायचो. डॉक्टरांची फी, रिक्षा, गोळ्या असं सगळं धरून महिन्याला बरेच पैसे जायचे, आणि आई काय करायची तर "आता बरं वाटतंय गं" म्हणून मधेच गोळ्या बंद. बीपीचा सगळा घोळ हाच आहे की काही दुखत नाही, खुपत नाही, माणसाला वाटतं झालं बरं, आणि मग एक दिवस थेट पॅरॅलिसिस नाहीतर किडनी. इथे गोळ्या फुकट आणि महिन्याभराच्या एकदम मिळतात. क्लिनिक चालत जाण्याइतकं जवळ असल्याने आई एकटी जाऊन येते, माझ्या सुट्टीची वाट बघत बसत नाही. आता तिच्या गोळ्या चुकत नाहीत, माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

बीपी मोजायची पद्धत बघून तर मी खूश झाले. सिस्टर आल्या आल्या पट्टा बांधत नाहीत. "अम्माजी, पाँच मिनट आराम से बैठिए" म्हणून आधी खुर्चीला पाठ टेकवून बसवतात, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, स्वेटरची बाही वर सरकवून मग पट्टा, आणि मोजताना बोलायचं नाही. आईला बोलल्याशिवाय राहवत नाही, तर सिस्टर ओठांवर बोट ठेवून हसतात. जास्त आलं तर थोडं थांबून परत मोजतात. हे सगळं पुस्तकाप्रमाणे आहे, आणि मी चांगल्या मोठ्या दवाखान्यात धावत जिना चढून आलेल्या माणसाचं शर्टावरूनच बीपी मोजून गोळी वाढवलेली बघितली आहे. कार्डावर आकडा आणि पुढची तारीख लिहून देतात, आणि तारखेला गेलो नाही तर फोन येतो! तोही "का नाही आलात" असा रागाचा नाही, आपलेपणाचा.

औषधाचंही ठरलेलं आहे. आईला आधी अ‍ॅम्लोडिपिन ५ होती, तेवढ्याने १४०/९० च्या खाली आलं नाही म्हणून टेल्मिसार्टन जोडली. देशभर बीपी आटोक्यात आणायचा जो सरकारी कार्यक्रम आहे त्यात आपलं राज्य पहिल्या पाचांत होतं, महाराष्ट्र, पंजाब, केरळ आणि तेलंगणाबरोबर, आणि त्याचं सूत्रच हे की औषधं मोजकी, पायऱ्या ठरलेल्या, आणि पेशंट सुटू द्यायचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधराच्या वरच्या बायकांपैकी २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के लोकांचं बीपी वाढलेलं निघालं, किंवा ते आधीपासून गोळी घेत होते. एवढे लोक एमवायच्या, म्हणजे शहरातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या, ओपीडीच्या लायनीत उभे करून कसं चालेल, हे काम गल्लीतच व्हायला हवं.

अजून एक, तीस वर्षांच्या वरच्या कोणाचीही बीपी, शुगर आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होते, बायकांची स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाचीही. आमच्या यांना गुटख्याचे पाऊच खायची सवय, सिस्टरनी टॉर्च लावून गालाच्या आतून नीट बघितलं आणि पांढरा चट्टा दिसला म्हणून पुढे पाठवलं. सुदैवाने साधा निघाला, पण घरी कोण बघणार होतं?

आता तक्रार, आणि ही मनापासून आहे. क्लिनिक संध्याकाळ व्हायच्या आत बंद होतं, रविवारी उघडत नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना शुगर आहे, त्या सकाळपासून सहा घरं करतात, मोकळ्या होतात तेव्हा शटर खाली. क्लिनिक त्यांच्या खोलीपासून अगदी जवळ आहे आणि तरी त्या मेडिकलवाल्याला विचारून गोळी घेतात. बांधकामावरचे, दुकानात नोकरी करणारे, सगळ्यांचं हेच. आठवड्यातून दोन दिवस तरी रात्री आठपर्यंत उघडं ठेवा, हवं तर सकाळी उशिरा उघडा, पण ज्यांना सर्वात जास्त गरज आहे त्यांना सुट्टी काढायला लावू नका, त्यांचा त्या दिवसाचा पगार कापला जातो. मधे टेल्मिसार्टनही संपली होती, बाहेरून घ्या म्हणाले, आम्ही जन औषधीतून, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानातून, आणली, ज्याला शक्य नाही त्याने त्या महिन्यात काय केलं असेल कोण जाणे. शिवाय रक्ताचे काही रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळतात, म्हणजे परत चक्कर.

बरेच आजी-आजोबा आयुष्मान कार्ड नाही म्हणून क्लिनिकला येत नाहीत, तर कृपा करून घरच्यांनी त्यांना सांगा की इथे त्या कार्डाची गरज नाही. सत्तर आणि त्यावरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, जे ऑक्टोबर २०२४ पासून मिळतंय, ते अ‍ॅडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. ते काढून ठेवाच, पण महिन्याच्या गोळ्यांसाठी त्याची वाट बघू नका.

पाचपैकी चार स्टार देते, एक वेळेसाठी कापला. आमच्या गल्लीतल्या बायकांनी संध्याकाळच्या वेळेसाठी सह्या गोळा केल्यात, पार्षदांकडे, म्हणजे नगरसेवकांकडे, अर्ज द्यायचा आहे, तुमच्याही भागात हीच अडचण असेल तर तुम्हीही द्या. आणि पहिल्यांदा जाणार असाल तर चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर न्या, नावं सांगताना गडबड होत नाही.