गोलगुलसा मठातलं सनमुदो ट्रेनिंग: शो बघून परत फिरू नका, रात्री राहा

कोरियात राहणाऱ्या किंवा फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम लिहितेय. ग्यॉंगजू शहरात आलेले आपले लोक बुलगुक्सा मठ बघतात, सकगुरमचं बुद्धाचं गुहामंदिर बघतात, शिल्ला या जुन्या राज्याच्या राजांच्या त्या हिरव्या टेकड्यांसारख्या थडग्यांसमोर फोटो काढतात आणि केटीएक्स या वेगवान ट्रेनने सोलला परत. तिथून पूर्वेला समुद्राकडे जाताना हामवॉलसान डोंगरात गोलगुलसा नावाचा मठ आहे, तिकडे फार कमी जण जातात, आणि जे जातात तेही दुपारी ३ चं सनमुदोचं प्रात्यक्षिक बघून निघतात. प्रात्यक्षिक भारी असतं, उंच उड्या, हवेतल्या किका, सगळं बघण्यासारखं, पण ती तयार माणसांची कला झाली. आपल्यासारख्यांच्या शरीरासाठी जे आहे ते संध्याकाळी ७ ला हॉलमध्ये सुरू होतं आणि त्यासाठी टेंपलस्टे, म्हणजे मठातला मुक्काम, बुक करून तिथे राहावं लागतं.

सनमुदो म्हणजे कोरियातल्या बौद्ध भिक्खूंची मार्शल आर्ट. तायक्वांदोसारखा गुणांचा खेळ नाही, समोर प्रतिस्पर्धी नाही. कोरियन भिक्खूंचा युद्धकलेशी संबंध जुना आहे, १५९२ ला जपानने स्वारी केली तेव्हा भिक्खू हातात शस्त्रं घेऊन लढले होते. पण आज शिकवतात ते रूप विसाव्या शतकात परत उभं केलेलं आहे. बुसानच्या बमॉसा मठातले यांगिक भिक्खू यांनी साधनेचा भाग म्हणून ते बसवलं आणि त्यांचे शिष्य जॉगुन भिक्खू यांनी १९८० च्या दशकात सनमुदो या नावाने सामान्य लोकांना शिकवायला सुरुवात केली, पुढे गोलगुलसा हेच त्याचं मुख्य ठिकाण झालं. या सगळ्याचा पाया आहे आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष. हो, तेच, जे इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात पहिले तीन दिवस करून घेतात!

माझी आई नाशिकची, इगतपुरीचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेली, आणि ती तेव्हा आमच्याकडे सोलजवळच्या सुवॉनला आली होती म्हणून तिलाही घेऊन गेलो. मला वाटत होतं ती फक्त बसून बघेल. तर हॉलमध्ये सबॉम-निमनी, म्हणजे शिकवणाऱ्या मास्टरनी, सगळ्यांना मांडी घालून बसवलं आणि नाकपुडीपाशी श्वास बघायला सांगितला, आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अगं, हे तर मला येतं." त्यानंतर ती मधेच सोडून गेलीच नाही, पूर्ण दीड तास केलं तिने, जे झेपत नव्हतं तिथे थांबून श्वास घेत उभी राहिली आणि सबॉम-निमनी तिला एकदाही घाई केली नाही.

आता ट्रेनिंग कसं असतं ते नीट सांगते कारण तेच महत्त्वाचं. सुरुवातीला बराच वेळ स्ट्रेचिंग, योगासनांच्या खूप जवळचं, मांड्या, कंबर, खांदे सगळं मोकळं करतात. मग उभं राहून हळू हालचाली. पाय फाकवून गुडघे वाकवायचे, पाठ सरळ, श्वास घेताना हात छातीपर्यंत वर, सोडताना खाली, आणि सोडणं घेण्यापेक्षा लांब. बघायला सोपं वाटतं, दोन मिनिटांत मांड्या थरथरायला लागतात आणि एसी नसतानासुद्धा कधी येत नसेल इतका घाम येतो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून माझे खांदे कानापर्यंत चढलेले असतात, ते खाली आणायला मी फिजिओकडेही गेले आहे, पण श्वास सोडताना खांदे आपोआप कसे उतरतात हे मला इथे पहिल्यांदा जाणवलं. श्वास अडला की हालचाल अडते, तोल जातो, लगेच कळतं. कोणाला सांगावं लागत नाही.

शेवटच्या भागात पंच आणि किका. इथेही जोर लावू देत नाहीत आधी. एक किक, पण पाय वर नेताना, तिथे थांबवताना आणि परत आणताना तोल सांभाळत, श्वासाबरोबर. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, इथल्या सगळ्या पोरांसारखा शाळा सुटली की तायक्वांदोच्या व्हॅनमध्ये बसून दोजांगला, म्हणजे क्लासला, जातो, तिथली किक त्याला झटक्यात येते. तीच किक इतकी हळू मारायची म्हटल्यावर तो डगमगायला लागला. पण चिडला नाही, परत परत करत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पाय हवेत स्थिर राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो नवीन बेल्ट मिळाल्यावर पण बघितला नव्हता मी. मुलांची वाढ म्हटलं की इथे सगळे उंचीबद्दल बोलतात, उंची वाढावी म्हणून दोरीवरच्या उड्यांचे क्लास आहेत, सगळं आहे. स्वतःच्या शरीरावर स्वतःचा ताबा येणं ही पण वाढच आहे ना, आणि ती मला तिथे डोळ्यांनी दिसली.

रात्री १० ला दिवे बंद, पहाटे ४ ला उठायचं. आधी प्रार्थना, मग ध्यान, मग अंधारातच रांगेत चालत ध्यान. थंडीच्या दिवसांत गेलात तर भरपूर कपडे न्या, डोंगर आहे तो. झोपायला खोल्या साध्या, जमिनीवर गादी, खाली ऑन्दोल म्हणजे गरम होणारी फरशी, त्यामुळे झोप छान लागते. १०८ नमस्कार पण असतात, गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून परत उठायचं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधीच सांगावं आणि बसून करावं, आईने तसंच केलं.

जेवण! शाकाहारी लोकांनी कोरियात किती हाल काढलेत ते मला माहितीये, साध्या भाजीच्या सूपमध्ये पण सुकी मासळी निघते. इथे निर्धास्त जेवा. मठातलं जेवण पूर्ण शाकाहारी, शिवाय कांदा-लसूण पण नाही, चातुर्मास पाळणाऱ्या आईने इतक्या दिवसांनी पहिल्यांदा काही न विचारता ताट वाढून घेतलं. भात, टोफू, रानभाज्या, सोयाबीनचं पातळ सूप. रविवारी सकाळी बारू गोंगयांग, म्हणजे भिक्खूंच्या पद्धतीचं जेवण, असतं, ते चुकवू नका. चार वाडगे, पूर्ण शांतता, जेवढं घेतलं तेवढं संपवायचं आणि शेवटी मुळ्याच्या तुकड्याने पाण्यात वाडगा घासून ते पाणी पिऊन टाकायचं. मुलांना आधी समजावून न्या.

मठाच्या वर कड्यात कोरलेली बुद्धमूर्ती आहे, साधारण ४ मीटर उंच, शिल्ला काळातली, दगड झिजतो म्हणून वर पारदर्शक छत केलंय. आजूबाजूला गुहा. मठाची परंपरा सांगते की सहाव्या शतकात भारतातून आलेल्या भिक्खूंनी हे लेणं सुरू केलं, कोरियात असं गुहामंदिर दुर्मिळच. कार्ले-भाज्याच्या डोंगरात लहानपण गेलेल्या माणसाला तिथे उभं राहून काय वाटतं ते लिहिता येणार नाही मला. चढण तीव्र आहे, दोर धरून जावं लागतं, वयस्कर लोकांनी खालूनच दर्शन घ्यावं. वाटेत एका कुत्र्याचा पुतळा दिसेल, डोंगाबोसाल नावाची जिंदो जातीची कुत्री होती मठात, ती भिक्खूंबरोबर प्रार्थनेला येऊन बसायची म्हणून तिची आठवण.

कोणी जावं? पाठ-खांदे धरलेले आयटीवाले, झोप नीट न येणारे, दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं असलेली कुटुंबं. ज्यांना फायटिंग शिकायचीये त्यांनी दुसरीकडे जावं, इथे तसलं मिळणार नाही. आजार बरा होईल असंही मी म्हणणार नाही, पण पहाटेची दहा मिनिटं श्वासाबरोबर हात वर-खाली करायचा तो प्रकार आमच्या घरात अजून चालू आहे, आई नाशिकला करते, आम्ही इथे.

एक रात्र पुरत नाही, दोन घ्या. पहिल्या संध्याकाळी शरीर गोंधळलेलं असतं, दुसऱ्या वेळी कुठे श्वास आणि हालचाल जुळायला लागते. बुकिंग टेंपलस्टेच्या साइटवर इंग्लिशमध्ये होतं, दर तिथेच बघा, साध्या हॉटेलएवढाच खर्च येतो आणि त्यात जेवण-ट्रेनिंग सगळं धरलेलं. ग्यॉंगजूच्या बस टर्मिनलजवळून १०० किंवा १५० नंबरची बस, उतरल्यावर वीसेक मिनिटं चालायचं. कपडे मठाचे देतात, मोजे मात्र दोन-तीन जोड न्या, हॉलमध्ये मोजे लागतात. त्याच रस्त्याने पुढे कामुनसा या जुन्या मठाचे दोन दगडी पॅगोडे आणि समुद्रातली शिल्लाच्या मुनमु राजाची समाधी आहे, तेही बघा, पण मठातून निघाल्यावर. आधी फिरून दमून आलात तर सात वाजताचं ट्रेनिंग झेपणार नाही.